कोबोलकाका

जुन्या कंपनीत जाऊन शिपायाला विचारा, "मेनफ्रेमचं कोण बघतं?" तो विभागाचं नाव सांगणार नाही, खुर्ची दाखवेल. त्या खुर्चीत कोबोल या जुन्या संगणकभाषेतले प्रोग्राम सांभाळणारे कोबोलकाका असतात. आयुष्य मशीनरूमच्या एसीत गेल्यामुळे मुंबईच्या मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, खिशात दोन पेनं, आणि निवृत्तीला कायम सहा महिने बाकी.

आम्ही सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर घेऊन गेलो, तेव्हा काकांनी पस्तीस स्लाइड्स न जांभई देता पाहिल्या. जुन्या प्रोग्रामला हात लावायचा नाही, त्याच्यावर सर्व्हिसचं वेष्टन चढवायचं, मधे एक बस ठेवायची, मग वेबसाइट असो की कॉल सेंटर, सगळ्यांनी त्या बसशीच बोलायचं, असं मी तळमळून सांगत होतो. काका म्हणाले, "म्हणजे इंजिन आमचं, रंग तुमचा." इतकी नेमकी व्याख्या माझ्या स्लाइड्समध्ये नव्हती.

पहिल्याच दिवशी मी अख्खं रेकॉर्ड मेनफ्रेमच्या एब्सिडिक अक्षरसंकेतातून इतर संगणकांच्या आस्कीत बदललं. नावं सुधारली, रकमांचं भजं झालं. काकांनी मूळ फाइलीचा हेक्स डंप काढून त्यावर पेन टेकवलं: ०१ २५ ०० ०सी. "साडेबाराशे रुपये." एका बाइटमध्ये दोन आकडे कोंबलेले आणि शेवटी खूण, सी असेल तर अधिक, डी असेल तर उणे.

"आणि दशांश चिन्ह?"

"ते लिहायचं नसतं, समजून घ्यायचं असतं." सोयरिकीतल्या देण्याघेण्यासारखं.

खरा हिसका पुढे होता. रेकॉर्डच्या आराखड्यात एका जागी 'फिलर, दोन अक्षरं' असं होतं. फिलर म्हणजे मोकळी जागा, म्हणून मी ती वगळली. तिसऱ्या दिवशी उधारी बंद केलेल्या डीलर्सना वेबसाइटवरून धडाधड माल सुटू लागला. काका शांत. "उधारी बंदची खूण त्या फिलरमध्येच आहे. १९८९ साली साहेब रेकॉर्डची लांबी वाढवू देईनात. म्हटलं, मोकळी जागा आहेच."

"पण हे लिहिलंय कुठे?"

काकांनी चष्मा पुसला. "लिहायचं कशाला? मी आहे ना."

त्यांचं दुःख एकच. ३१ डिसेंबर १९९९च्या रात्री ते थर्मास घेऊन मशीनरूममध्ये बसले होते. २००० उजाडताच प्रोग्राम गोंधळू नयेत म्हणून आधीची दोन वर्षं दोन आकडी सालं चार आकडी करण्यात गेली होती. त्या रात्री काहीच बिघडलं नाही. त्यामुळे काही केलं होतं, हेही कुणाला पटलं नाही.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी करारावर रुजू झाले. आता बसवर सत्तेचाळीस सर्व्हिसेस आहेत. प्रत्येकीच्या कागदपत्रांत 'चूक आल्यास' असा रकाना आहे, आणि सत्तेचाळीस ठिकाणी तिथे एकच मजकूर आहे: काकांना फोन करावा, रात्री नऊनंतर नको.