एजंट क्षमस्व

‘एजंट क्षमस्व’ हे मुळात छोट्या जाहिरातीच्या शेवटी लावायचे दोन शब्द. पण अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराच्या आसपास, ते एका जातीच्या गृहस्थाचे नाव म्हणूनही खपून जातील. वय पंचावन्न ते पासष्ट. नोकरीतून निवृत्त किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर. मालकीचा वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आणि त्या वन बीएचकेवर गेल्या वर्षभरात केलेला पाच-सहा लाखांचा खर्च. एवढी लक्षणे जुळली की हा प्रकार ओळखावा. आणखी एक खूण म्हणजे खिशातली घराची किल्ली. ती तो कोणाच्याही हाती देत नाही, व्याह्यांच्या तर नाहीच नाही.

हा गृहस्थ येथला मूळ रहिवासी क्वचितच असतो. परळ-गिरगावची खोली सुटली, डोंबिवली आवाक्याबाहेर गेली, म्हणून अंबरनाथ. आता मुलाचे लग्न ठरते आहे, म्हणून बदलापूरला टू बीएचके. मध्य रेल्वेच्या रुळांवरून दर पिढीला चार-पाच स्टेशने कर्जतच्या दिशेने सरकणाऱ्या मराठी मध्यमवर्गाचा तो नमुना आहे. अंबरनाथचा वन बीएचके विकल्याशिवाय बदलापूरचा टू बीएचके पुरा होत नाही, आणि येथूनच एजंटचा प्रश्न सुरू होतो.

त्याआधी नूतनीकरण. ‘थोडं करून घेतलं की भाव येतो’ हे वाक्य घरात प्रथम कोण उच्चारतो यावर मतभेद आहेत. खर्च झाल्यावर ते मेहुण्याच्या नावावर जमा होते. ‘थोडं’ची सुरुवात ओट्यावरच्या ग्रॅनाइटने होते. ग्रॅनाइटला जुन्या फरशा शोभत नाहीत, नव्या फरशांना जुने दरवाजे शोभत नाहीत, आणि छत उघडे राहिल्यासारखे दिसते म्हणून पीओपी. कपाटे उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पाहून येतात आणि ‘तसंच, पण घरी बसून’ करून घेतात. शिवमंदिराचे काम शिलाहार राजा छित्तराजाच्या काळात सुरू झाले आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळात पुरे झाले. तेथील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा आहे. सुरू एकाने करायचे आणि पुरे दुसऱ्याने, ही बांधकामाची रीत गावात तेव्हापासून चालत आली असावी. पहिला सुतार गणपतीला गावी जातो तो परतत नाही. लॉफ्टची शटरे दुसरा लावतो, आणि लावता लावता पहिल्याच्या कामाला नावे ठेवतो. मंदिराचे शिखर आज अपुरे दिसते. वन बीएचकेत सहसा बाल्कनीचे ग्रील अपुरे असते.

या काळात गृहस्थ एक डायरी ठेवतो. तीत ‘ड्रॉवरच्या मुठी – ११ नग’, ‘सुतार चहा – ४०’, ‘बिजागरी परत – वजा १८०’ अशा नोंदी असतात. डायरी निर्दोष असते. नसते ते बिल. सुताराने पहिल्याच दिवशी विचारलेले असते, ‘पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर पडतील, काका. करू का?’ काकांनी ‘नको’ म्हणताना आपण सरकारवर मात केली अशा आनंदाने सौभाग्यवतीकडे पाहिलेले असते.

मग किंमत ठरते. तिची पद्धत सोपी असते. खालच्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट समजा ३६ लाखांना गेला. त्यात आपला खर्च सहा लाख मिळवायचा, स्वतः उभे राहून काम करून घेतले त्याचा एक लाख, एकूण ४३. या हिशेबात एक गृहीत दडलेले असते: घेणाऱ्यालाही नेमकी हीच फरशी, हाच सनमायका आणि पीओपीतला हाच निळा दिवा हवा आहे. बँकेचा मूल्यांकन करणारा मात्र घर पाहायला येतो तो क्षेत्रफळ, इमारतीचे वय, कागदपत्रे आणि परिसरातले व्यवहार बघून दहा मिनिटांत निघतो. मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दर तक्त्यातही निळ्या दिव्याचा रकाना नाही. म्हणजे ४३ लाखांवर अडून बसले तर वरचे सात लाख घेणाऱ्याला कर्जाबाहेर, स्वतःच्या खिशातून काढावे लागतात. बदलापूरला ४३ लाखांत दुसरे घर आडवे येते.

एजंट पुनर्विक्रीच्या व्यवहारात दोन्ही बाजूंकडून साधारण एक ते दोन टक्के घेतो. ३६ लाखांचे दोन टक्के म्हणजे ७२ हजार. सुताराला सहा लाख देताना न थरथरलेला हात येथे थरथरतो. ‘कुलूप उघडून दाखवायचे ७२ हजार?’ हा या जातीचा राष्ट्रीय प्रश्न आहे. त्याच ७२ हजारांत बदलापूरच्या घराची ट्रॉली होईल, असा हिशेब डायरीच्या मागच्या पानावर आधीच झालेला असतो.

जाहिरात तो स्वतः लिहितो. ‘शिवमंदिराजवळ, पूर्ण नूतनीकरण केलेला, हवेशीर, मराठी वस्ती, एजंट क्षमस्व.’ यातले ‘शिवमंदिराजवळ’ हे भौगोलिक कमी आणि भक्तिमार्गी अधिक आहे. कानसईपासून चिखलोलीपर्यंत कोठलेही घर देवाच्या कृपेने जवळच भरते. देऊळ स्टेशनपासून सुमारे दोन किलोमीटर आहे, त्यामुळे देवळाजवळ म्हणजे स्टेशनपासून लांब, हे अर्थात लिहीत नाहीत. वालधुनी देवळाला लागून वाहते, पण तिचेही नाव नाही; २६ जुलै २००५चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना ‘नदीकाठी’ हा शब्द वेगळा ऐकू येतो.

जाहिरात सुटली की फोन येतात, आणि ते एजंटांचेच असतात. ‘एजंट क्षमस्व’ हे शब्द एजंट लोक ‘येथे एजंटची गरज आहे’ असे वाचतात, आणि त्यांचा तो अर्थ सहसा चुकत नाही. ‘साहेब, पार्टी रेडी आहे, फक्त किल्ली द्या.’ अशा वेळी गृहस्थ जपून ठेवलेले अस्त्र काढतो: ‘तुमचा रेरा नंबर सांगा.’ अस्त्र जोरकस आहे, पण नेम चुकलेला आहे. २०१६च्या स्थावर संपदा कायद्यातली एजंटची नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे, आणि महारेराने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली आहे. मात्र वीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतला जुना फ्लॅट त्या प्रकल्पांत मोडत नाही. तरीही नंबर विचारावा. ज्याच्याकडे असतो तो परीक्षा देऊन आलेला असतो, आणि नसतो तो निदान फोन ठेवतो.

खरी पार्टी येते रविवारी सकाळी अकराला. नवरा, बायको, नवऱ्याची आई, आणि ‘सहज’ आलेला एक मामा. हा मामाच व्यवहार बघतो. तीन मजले चढून आई दम खात असते तोवर घरमालक दिव्यांची बटणे दाबू लागतो. आधी निळे, मग पिवळे, मग दोन्ही. ट्रॉली ओढून सोडली जाते. ती आवाज न करता हळूहळू आपोआप बंद होते, आणि पुरती बंद होईपर्यंत सर्वांनी तिच्याकडे पाहत उभे राहावे अशी अपेक्षा असते. आई मात्र ओट्याशी जाऊन नळ सोडते. नळ दोनदा खाकरतो आणि गप्प बसतो.

‘पाणी किती वाजता येतं हो?’

प्रश्न जीवन प्राधिकरणाचा असतो, उत्तर मरीन प्लायचे मिळते. गृहस्थ कपाटाचे दार उघडून त्याची जाडी दाखवतो. सूनबाई मोबाइलमध्ये पाहत असते. मामा दारावर बोटाने टकटक करतो, आत डोकावतो आणि अगदी सहज, वाईट हेतूने नव्हे, विचारतो, ‘हे सगळं काढून टाकायला मजुरी किती जाईल?’

पुढचा भाग सगळ्या घरांत जवळजवळ सारखा घडतो. गृहस्थाचा आवाज चढतो, डायरी बाहेर येते, अकरा मुठींचा उल्लेख होतो. सौभाग्यवती चहा घेऊन येतात तेव्हा पार्टी चपला घालत असते. ‘कळवतो’ म्हणून मामा उतरतो. या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला मुलगी दाखवण्याच्या काळापासून ठाऊक आहे.

एजंट ठेवावा की नाही, याचा विचार सगळे पैशांत करतात. खरी गोष्ट या मामाशी बांधलेली आहे. मामा तेच वाक्य एजंटपुढे बोलला असता तर एजंट म्हणाला असता, ‘काढा ना, माणूस मी देतो,’ आणि लगेच टेरेसचा विषय काढला असता. त्याने मुठी मोजलेल्या नसतात. त्याला घर म्हणजे चौरस फूट, मजला आणि पाण्याची वेळ. घराची निंदा ऐकून न दुखावणे हे कौशल्य आहे, आणि दलालीचा निम्मा भाग त्याचाच असतो. म्हणून जुन्या, रंग उडालेल्या घराचा मालक एकवेळ एजंटशिवाय निभावून नेईल. नव्याने नटवलेल्या घराच्या मालकाला त्याची गरज सगळ्यात जास्त, आणि तोच त्याला दारात उभा करत नाही.

एजंट म्हणजे साधुपुरुष नव्हे. त्याची ‘रेडी पार्टी’ पुष्कळदा अजून जन्माला यायची असते. फ्लॅट पाच एजंटांकडे दिला की तो पाच किमतींना फिरतो, आणि महिन्याभरात ‘हा अजून गेला नाही, काहीतरी गडबड असेल’ असे बाजारच बोलू लागतो. दोघांकडून पैसे घेणारा माणूस दोघांचाही वकील नसतो. तेव्हा ज्याला गिऱ्हाईक जिन्यातच मिळते, म्हणजे शेजाऱ्याचा भाऊ किंवा खालच्यांची मुलगी, त्याने खुशाल एजंट टाळावा. वकिलाकडून आधीच्या करारांची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा ना-हरकत दाखला आणि कराच्या पावत्या तपासून घेतल्या की काम भागते. पण आपला गृहस्थ शेजाऱ्यांना विकत नाही. त्यांनी सुताराला पैसे देताना पाहिलेले असते, त्यांच्यापुढे ४३ म्हणवत नाही.

मग दिवस जातात. बदलापूरच्या घरासाठी ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी उचललेले असेल, तर सुरुवातीला महिन्याचे व्याजच २१ हजारांच्या वर जाते. चौथा महिना उलटण्यापूर्वीच एजंटचे ७२ हजार बँकेकडे पोहोचलेले असतात, फक्त ते ‘दलाली’ या शीर्षकाखाली नसल्यामुळे दुखत नाहीत. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात वरच्या मजल्यावरचे बाथरूम पीओपीतून खाली उतरते, आणि निळ्या दिव्याभोवती पोळीएवढा पिवळा डाग उमटतो. डागाच्या तिसऱ्या दिवशी गृहस्थ स्टेशनजवळच्या गाळ्यात जातो. काचेचा दरवाजा, गणपतीची तसबीर, भिंतीवर खिळ्यांना लावलेल्या पन्नास-साठ किल्ल्या. किल्ली हातातून सुटते.

एजंट पंचविशीचा असतो. तो घर पाहतो, निळ्या दिव्यांबद्दल काही बोलत नाही, आणि एकच अट घालतो.

‘काका, पार्टी आली की तुम्ही अर्धा तास देवळात जाऊन या.’

म्हणून रविवारी सकाळी शिवमंदिराच्या आवारात, भाविकांहून जरा वेगळे, मोबाइल हातात धरून बसलेले गृहस्थ दिसतात. गाभारा मंडपाच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. ते उतरत नाहीत, कारण खाली रेंज मिळेल याचा भरवसा नाही. भिंतीवरच्या मूर्ती जागोजागी झिजल्या आहेत, नाके गेली आहेत, आणि साडेनऊशे वर्षांत कोणी पीओपी केलेले नाही. तिकडे तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी टकटक करून तोच प्रश्न विचारत असते.

फोन येतो. सौदा ३६ लाख २५ हजारांवर थांबतो. ट्रॉली, कपाटे, निळे दिवे त्यातच. दलालीवर दोन दिवस घासाघीस होऊन ती दीड टक्क्यावर येते. त्यानंतर सीएकडे आणखी एक हिशेब निघतो. घराच्या कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च भांडवली नफा काढताना वजा मिळतो, पण त्याला पुरावा लागतो आणि डायरी हा सहसा पुरावा होत नाही. पैसे दुसऱ्या घरात गुंतवून सूट घेता आली तर गोष्ट वेगळी. नाहीतर साडेबारा टक्के कराच्या दराने सहा लाखांचा न दाखवता आलेला खर्च ७५ हजारांना पडतो, म्हणजे मूळच्या ७२ हजारांच्या दलालीहून तीन हजार जास्त. एजंटची दलाली मात्र विक्रीचा खर्च म्हणून वजा होते, फक्त तिचा कागद हवा. तेव्हा गृहस्थ तिसऱ्यांदा स्टेशनजवळच्या गाळ्यात जातो, काचेचा दरवाजा ढकलतो आणि आयुष्यात प्रथमच पक्की पावती मागतो.