धोंड्याचा महिना, मुक्काम पेनसिल्व्हेनिया

२०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा आम्ही दोघं न्यू जर्सीत लेकीकडे होतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, म्हणून हिने पुण्याहून पीठ आणलं होतं. विमानतळावर 'हे काय?' याचं उत्तर इंग्रजीत देताना मला घाम फुटला होता. तर अनारसे झाले, डबा भरला, आणि जावईबापू म्हणाले, "बाबा, वाण तिथेच द्या. शनिवारी तुम्हाला खरे धोंडे दाखवतो."

दोनेक तास गाडी हाकून पेनसिल्व्हेनियातल्या हिकरी रन स्टेट पार्कात पोचलो. झाडी संपली आणि पुढे नुसता दगड. लांबी अठराशे फूट, रुंदी चारशे, म्हणजे साडेसोळा एकर, आणि गवताची काडी नाही. आमच्या तलाठ्याने सातबारावर 'पोटखराबा' लिहून विषय संपवला असता. अमेरिकेने १९६७ साली त्याला राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा ठरवलं. काही धोंडे तर सव्वीस फूट लांब. आमचा पुण्याचा हॉल एवढा नाही. वीसेक हजार वर्षांपूर्वी बर्फाचा थर इथून मैलभरावर येऊन थांबला होता. खडकांच्या भेगांत पाणी शिरायचं, गोठून फुगायचं आणि खडक फोडायचं. हे मी लक्ष देऊन ऐकत होतो, तोवर जावईबापूंनी बूट बदलले.

"यावर पळायचं, बाबा. उद्याचा खेळ आहे हा."

नॉर्वेत ट्रॉम्सोला किलियन जोर्नेट आणि एमेली फोर्सबर्ग या डोंगरधावकांनी डोंगरावरची शर्यत सुरू केली, तिच्यात असेच धोंडे तुडवावे लागतात म्हणे. जावईबापूंचं म्हणणं, बाकीचा डोंगर गाळायचा आणि धोंडे तेवढे ठेवायचे. पुरणपोळीतली पोळी गाळावी तसं.

नियम सोपा. वाट नाही, ज्याची त्याने शोधायची. नजर पायाखाली ठेवायची नाही, दोन-तीन दगड पुढे ठेवायची. आणि कुठल्याही दगडावर टेकायचं नाही. हलता धोंडा हलायचं ठरवेपर्यंत आपण पुढच्यावर! सरकारी कचेरीत चाळीस वर्षं मी नेमकं याच्या उलट केलं होतं.

जावईबापूंचे दोन मित्रही पळणार होते. प्रश्न पंचाचा आला. पलीकडच्या टोकाला मोबाइलवर वेळ टिपायला कोणी तरी हवं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि पंचाला पलीकडे जायचं तर धोंड्यांवरूनच, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी होकार देऊन बसलो होतो. हिने डबा माझ्या हातात दिला. "तिकडे पोचले की लगेच वाण द्या."

पहिले दहा धोंडे मी उभ्याने गेलो. अकरावा 'डुग' असा आवाज करून कलला आणि माझ्यातला माणूस संपून चतुष्पाद सुरू झाला. डबा पुढे सरकवायचा, मग आपण सरकायचं. एका फटीत पाय गेला. वर आला तो बुटाशिवाय. बूट हाताने उपसून काढला. अर्ध्या तासात निम्मं मैदानही झालं नव्हतं. मागे बघितलं तर ही तांदळाएवढी. पुढे बघितलं आणि मी बसूनच घेतलं.

"बाबा, पोचलात का?" लांबून हाक आली.

"पोचलो!" मी ओरडलो. कुठे, ते सांगितलं नाही.

ते निघाले. हात पसरलेले, पाय कुठे टेकतायत ते कळतच नव्हतं. गरम तव्यावर मोहरी तडतडावी तसे तिघं माझ्याकडे आले. जावईबापू सगळ्यांत पुढे. मला मध्येच बसलेलं बघून थबकले, आणि थबकले म्हणून आपटले. मित्र म्हणाले, पंच जिथे, तिथे शेवट. निकाल लागला.

गुडघा पुसत त्यांनी वाण घेतलं, डबा उघडला आणि मोजून बघितलं.

"बाबा, एकतीसच आहेत."

"धोंड्यांत पडले असतील," मी म्हणालो. माझ्या मिशीला खसखस होती.