शॅल, विल आणि बुडणारा माणूस

इंग्रजी व्याकरणाच्या पाण्यात एक परदेशी माणूस पिढ्यान्‌पिढ्या बुडतो आहे. कुणी त्याला आयरिश म्हणतं, कुणी स्कॉटिश. गटांगळ्या खात तो ओरडतो, ‘आय विल ड्राउन! नोबडी शॅल सेव्ह मी!’ काठावरचे इंग्रज शांतपणे चहाला निघून जातात. कारण नियमानुसार तो म्हणाला, ‘मी बुडणारच! खबरदार कुणी वाचवलंत तर!’ बिचाऱ्यानं शॅल आणि विलची अदलाबदल केली असती, तर वाचला असता.

हा नियम मांडला जॉन वॉलिस यांनी, 1653 साली. व्याकरण इंग्रजीचं, पुस्तक लॅटिनमध्ये! ‘आय’पुढे शॅल आला की नुसतं भाकीत, विल आला की वचन किंवा धमकी, ‘यू’ आणि ‘ही’पुढे नेमकं उलटं. गृहस्थ मूळचे गणिती. आडव्या आठासारखं दिसणारं अनंताचं चिन्हही त्यांचंच, 1655 सालचं. शॅल-विलनंतर दोनच वर्षांत माणसाला अनंत सुचावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

आपल्याकडे व्याकरणाच्या पुस्तकातून हा नियम घोटून घेतला रेन आणि मार्टिन यांनी. त्यातले रेनसाहेब हिंदुस्थानात शिक्षणखात्यात होते. पुढे फ्रेंच फॉरेन लीजनवर ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहून गाजले. शॅल-विल शिकवल्यावर वाळवंटातली लढाई सोपी वाटत असणार.

1942 साली अमेरिकन जनरल मॅकआर्थर फिलिपाइन्स सोडून ऑस्ट्रेलियात पोचले आणि गरजले, ‘आय शॅल रिटर्न.’ वॉलिसच्या हिशेबानं ही प्रतिज्ञा नव्हेच. हा वेधशाळेचा अंदाज. तरी ते 1944 साली खरोखर परतले. वेधशाळेला हे क्वचितच जमतं.

खरी गंमत कायद्यात. तिथला शॅल म्हणजे सक्ती. पण आपली न्यायालयं कधीकधी ठरवतात की, अमुक कलमातला शॅल ‘मे’ समजावा. अमेरिकेनं तर 2007 साली आपल्या संघीय दिवाणी नियमांतून शॅलला हाकलून जागोजागी ‘मस्ट’ बसवला. आमच्या भाडेकरारात मात्र तो सुखानं नांदतो. भाडेकरूपुढे प्रत्येक ओळीत शॅल, मालकांपुढे फक्त मे. जुन्या इंग्रजीत शॅलचा मूळ अर्थ होता ‘देणं लागणं’. मालक इंग्रजी बेताचंच बोलतात, पण हा अर्थ त्यांना दर महिन्याच्या एक तारखेला अचूक आठवतो. गळक्या नळाबद्दल विचारलं, तर म्हणतात, ‘बघू.’