टाचणवहीतला कादंबरीकार

मराठी कादंबरीचा इतिहास बाबा पदमनजी यांच्या १८५७ मधील ‘यमुनापर्यटन’पासून सांगण्याची रीत आहे आणि छापील कादंबऱ्यांपुरती ती योग्यही आहे, परंतु ज्या कादंबऱ्या आखल्या गेल्या, ज्यांच्या पात्रांच्या वंशावळी तयार झाल्या, ज्यांच्या प्रकरणांना नावे मिळाली आणि ज्यांचे पहिले वाक्य तेवढे लिहायचे राहिले, अशा कादंबऱ्यांचा इतिहास लिहायला घेतल्यास त्यात खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या, येरळाकाठच्या वडूज गावाला मानाचे पान वाढावे लागेल. आराखडाकार कादंबरीकार हा सामाजिक नमुना तालुक्याच्या गावी उत्तम पोसतो. शहरात त्याला प्रकाशक भेटण्याचा धोका असतो आणि खेड्यात ‘काय लिहिता?’ असे रोज विचारणारे लोक असतात. तालुक्याच्या गावी मात्र लोक विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत.

हा नमुना बहुधा जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला असतो. गाव त्याला ‘कादंबरीवाले गुरुजी’ म्हणते, त्याच्या खिशाला निळे, लाल आणि हिरवे असे तीन पेन असतात, आणि त्याची कादंबरी गेली बावीस वर्षे ‘आता जवळजवळ झालीच’ या अवस्थेत असते. विषय निवडण्यात त्याची चूक काढता येत नाही. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतील असंख्य कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सराफांकडील जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देण्यासाठी, देशभरातल्या पेठांमध्ये विखुरली. घर गावाकडे, भट्टी परमुलखात आणि मन कुलदैवताच्या यात्रेत अशा त्रिस्थळी आयुष्याला मोठी कादंबरी सहज पेलावी. गुरुजींनी अशा एका कुटुंबाच्या चार पिढ्या घेतल्या आहेत. चौथ्या पिढीतील नायकाचा जन्म आराखडा सुरू झाला तेव्हा व्हायचा होता. आता तो आराखड्यातच लग्नाच्या वयाला आला आहे आणि त्याला स्थळे पाहण्याचे स्वतंत्र टिपण निघाले आहे.

या नमुन्याचे मूळ साहित्यात शोधणारा अभ्यासक फसतो, कारण ते शाळेच्या कपाटात आहे. प्राथमिक शिक्षकाला पाठ घेण्यापूर्वी टाचण काढावे लागते. टाचण म्हणजे शिकवायच्या पाठाचा लेखी बेत. त्यात उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन आणि शेवटी मूल्यमापन असे रकाने असतात, आणि त्याच्याही वर घटक नियोजन, त्याच्याही वर वार्षिक नियोजन अशी चढती भाजणी असते. साहेब तपासणीला येतात तेव्हा वर्गात पाच मिनिटे डोकावतात, पण टाचणवही मात्र खुर्चीत बसून, चहा येईपर्यंत, पानन्‌पान उलटून पाहतात आणि लाल शाईने ‘पाहिले’ असा शेरा मारून तारखेसह सही करतात. चौतीस वर्षे ज्या माणसाच्या शिकवण्याला कोणी सही दिली नाही आणि बेताला मात्र न चुकता दिली, त्याने निवृत्तीनंतर कादंबरीपेक्षा कादंबरीच्या बेतावर अधिक जीव लावला, तर त्यात हसण्यासारखे काही नाही. हसू येते ते पहिल्या प्रकरणाच्या टाचणात ‘उद्दिष्ट : वाचकास दुष्काळाची जाणीव होणे’ आणि ‘शैक्षणिक साहित्य : एक बैल, एक कोरडी विहीर’ अशा नोंदी पाहिल्यावर. भोवतालचा मुलूखही या वृत्तीला पूरकच म्हटला पाहिजे. जिहे-कठापूर उपसा सिंचन योजनेने, म्हणजे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी वर उचलून खटाव-माणकडे आणण्याच्या योजनेने, या भागाला असे शिकवले की पाण्याच्या कितीतरी आधी पाण्याचा नकाशा येतो आणि नकाशा पाहूनही तहान काही काळ थोपवता येते.

आराखड्याची सामग्री पाहू लागल्यास गुरुजींचे जागतिक साहित्याशी असलेले नाते ध्यानात येते. व्लादिमीर नाबोकोव्ह कादंबऱ्या कार्डांवर लिहीत असत, कारण कार्डे पत्त्यांसारखी पिसून प्रसंगांचा क्रम बदलता येतो. १९७७ मध्ये ते वारले तेव्हा ‘द ओरिजिनल ऑफ लॉरा’ ही त्यांची अपुरी कादंबरी १३८ कार्डांवर होती, ती जाळावी अशी त्यांची इच्छा होती, आणि तरीही २००९ मध्ये ती छापली गेली. गुरुजींनी कार्डांची ही युक्ती उचलली, परंतु कोरी कार्डे विकत घेणे हा पेन्शनीचा अपव्यय ठरत असल्याने त्यांनी घरात येणाऱ्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून वापरल्या. वडूजसारख्या गावी निवृत्त गुरुजींचे निम्मे विद्यार्थी स्वतःच्या आणि निम्मे मुलांच्या लग्नाला बोलावत असल्याने हा पुरवठा अखंड आहे. तुळशीच्या लग्नानंतर कथानकाला वेग येतो आणि चातुर्मासात ते रेंगाळते. या पद्धतीचा एकच दोष असा की कार्डाला दोन बाजू असतात. कादंबरीतील लबाड सावकाराचे सविस्तर वर्णन ज्या पत्रिकेच्या पाठीवर होते, ती पत्रिका गावातील एका वजनदार घरची निघाली, घरधनी चहाला आले असता त्यांनी आपल्या नातीचे नाव ओळखून कार्ड कौतुकाने उलटले, आणि त्या दिवसापासून सावकाराला आराखड्यात एक शाळा बांधून द्यावी लागली.

कार्डे अंगणातल्या दोरीवर चिमट्यांनी लावलेली असतात, म्हणजे येता-जाता कथा नजरेखालून जाते. ‘अहो, तुमची पात्रं काढा दोरीवरची, धुणं वाळत घालायचंय,’ हे वाक्य त्या घरात सकाळी नऊच्या सुमारास ऐकू येते, आणि मराठी समीक्षेत पात्रांच्या हाताळणीविषयी जे काही लिहिले गेले आहे त्यात इतके नेमके विधान क्वचितच सापडेल.

विल्यम फॉकनर यांनी ‘अ फेबल’ या १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा आराखडा आपल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर वारांनुसार लिहिला आणि मिसिसिपीतील त्यांच्या घरात ती भिंत आजही लोकांना दाखवली जाते. वडूजमध्येही एका खोलीत भिंतीवर दुसरी पिढी लिहिली गेली होती. दिवाळीपूर्वी डिस्टेंपर लागला.

यापेक्षा मोलाचे काम महसुली स्वरूपाचे आहे. कादंबरीतील काल्पनिक गावाचा सातबारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावे आहे आणि तीत काय पिकते हे सांगणारा उतारा, गुरुजींनी गटनंबरनिहाय तयार केला असून पात्र मेले की त्याची वारसनोंद घालून फेरफार धरला जातो. खळ्याच्या वाटेवरून दोन भावांचा तंटा आहे असे एरवी कादंबरीकार एका ओळीत लिहून मोकळा होतो. गुरुजींकडे त्या वाटेची चतुःसीमा, १९७२ च्या दुष्काळात बुजवलेल्या पाटाचा उल्लेख आणि बांधावरील बाभळीची मालकी यांचा कागद आहे. काल्पनिक गाव इतके पक्के झाले आहे की एका होतकरू तरुणाने तिथे जागेचा भाव विचारल्याचे सांगतात.

रचनेच्या बाबतीत गुरुजी शास्त्राधार सोडत नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रात कथावस्तूचे पाच संधी सांगितले आहेत : मुख, म्हणजे कथेचे बीज पडते तो भाग, प्रतिमुख, जिथे ते बीज दिसते-लपते, गर्भ, जिथे फळाची आशा आणि भीती एकत्र नांदतात, विमर्श, जिथे विघ्न येऊन विचार करण्याची पाळी येते, आणि निर्वहण, जिथे सारे धागे एकत्र येऊन फळ मिळते. मुख्य कथेबरोबर दूरवर चालणाऱ्या उपकथेला, उदाहरणार्थ रामकथेतील सुग्रीवाच्या कथेला, पताका म्हणतात आणि थोडक्यात आटोपणाऱ्या उपकथेला प्रकरी म्हणतात. गुरुजींच्या आराखड्यात पताका अकरा आहेत आणि प्रकरी एकही नाही, कारण थोडक्यात आटोपणे हे त्यांच्या प्रकृतीत बसत नाही. याच्या जोडीला ना. सी. फडके यांचे १९३१ चे ‘प्रतिभासाधन’ उशाशी आहे. तंत्राचा अभ्यास करता येतो असे ठामपणे मांडणाऱ्या त्या पुस्तकाने अनेकांना लिहिते केले, पण अभ्यास नेमका कधी थांबवावा हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो. शिवाय शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये नऊ भाग असून कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हेही निवेदन करतात, म्हणून गुरुजींनीही नऊ प्रकरणे आणि अनेक निवेदक ठरवले. आजोबा, आजी आणि धाकटा भाऊ यांची प्रकरणे वाटून झाल्यावर कोणी माणूस उरला नाही, तेव्हा सातवे प्रकरण सोने वितळवण्याची मूस सांगते असे ठरले.

हिंजवडीला नोकरी करणाऱ्या मुलाने मध्यंतरी हा सारा संसार संगणकावर एक्सेलच्या तक्त्यात बसवून दिला. एका रकान्यात पात्र, दुसऱ्यात जन्म, तिसऱ्यात मृत्यू, चौथ्यात ‘मनातील सल’ अशी ती सुबक मांडणी होती. गुरुजींनी नावांची तेवढी अकारविल्हे क्रमवारी लावली, बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले, आणि एका क्लिकसरशी पणजोबांना नातवाचा सल, आत्याला सावकाराचे व्यसन आणि धाकट्या सुनेला १९१८ च्या साथीतील मृत्यू प्राप्त झाला. आठवडाभर घर सुतकात असल्यासारखे होते. दुरुस्ती करताना गुरुजींच्या लक्षात आले की आत्या आता पूर्वीपेक्षा बरीच जिवंत वाटते; तिचे व्यसन त्यांनी कायम केले, ही बावीस वर्षांतील बहुधा एकमेव अनियोजित घटना होय.

आराखड्यावाचून लिहिणाऱ्यांची परंपरा याच मुलखाच्या अवतीभवती जोरकस आहे आणि ती गुरुजींना बोचते. तमाशातील जुना वग, म्हणजे त्यातला नाट्यभाग, पुष्कळदा गोष्टीच्या तोंडी सांगाड्यावर उभा राहत असे. सरदाराने, म्हणजे फडाच्या प्रमुखाने, कथेचा ओघ सांगायचा आणि संवाद नटांनी फडातच हजरजबाबीपणे रचायचे. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असे सांगितले जाते. त्यांची ‘फकिरा’ १९५९ ची आणि एकूण कादंबऱ्या तीसहून अधिक. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा आकडा तर हजारापलीकडे जातो, त्यांचे टाचण काढायचे म्हटले तर शाळेची सगळी वर्षे पुरायची नाहीत. हरिभाऊ आपटे १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः कादंबऱ्या लिहीत. पुढचा अंक ठरल्या वारी निघणार असल्याने त्यांना थांबायला सवड नव्हती. हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, एवढाच भाग गुरुजी उद्धृत करतात. खरी जखम मात्र ‘बनगरवाडी’ची आहे. आटपाडी तालुक्यातील माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तरची ती लहानशी कादंबरी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि शेजारच्या मुलखातल्या प्रत्येक मास्तरच्या मनात तेव्हापासून अशी समजूत घर करून आहे की आपले अनुभव कोणीतरी आपण नोकरीला लागण्यापूर्वीच लिहून टाकले. जे पातळ पुस्तकात साधले ते पुन्हा करण्यात अर्थ नाही, म्हणून आपले पुस्तक जाड असले पाहिजे, आणि जाड पुस्तकाला आराखडा हवा, असा हा तर्क आहे. त्याच्या प्रत्येक पायरीत थोडे सत्य आहे, ही त्यातली अडचण.

आराखड्यात एक कार्ड कोरे आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मा झाले. नववे प्रकरण या दिवसाचे आहे. याविषयी गुरुजींकडे जितके कागद आहेत तितके बाकीच्या आठ प्रकरणांचे मिळून नाहीत. त्यांनी वयोवृद्ध माणसे गाठून विचारले, कचेरीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले, त्या दिवसाची तिथी काढली. इथे उद्दिष्टाचा रकाना भरलेला नाही आणि मूल्यमापनाचाही नाही. कादंबरीतील आजोबा त्या दिवशी मोर्चात होते, की दाराला आतून कडी लावून बसले होते, की भट्टीवर परमुलखात असल्याने त्यांना पंधरा दिवसांनी पत्राने कळले, हे ठरत नाही. तीनही शक्यतांची माणसे गावात खरोखर होती आणि तिघांचीही नातवंडे आज बाजारात भेटतात. पहिली निवडली तर कादंबरी सोपी होते, दुसरी निवडली तर आजोबांना बाकीची आठशे पाने जगणे अवघड जाते, आणि तिसरी निवडली तर साऱ्या कुटुंबाचा परदेशीपणा एका पोस्टकार्डात मावतो, जे गुरुजींना मनातून पटलेले आहे असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसते. या एका जागी त्यांचे थांबणे आळसाचे नाही. ज्याने एकाही काल्पनिक बाभळीची मालकी संदिग्ध ठेवली नाही, त्याला एका खऱ्या दिवशी आपला माणूस कुठे उभा करावा याचा संकोच वाटावा, हे त्याच्या बाकीच्या सगळ्या रकान्यांपेक्षा कादंबरीकाराला अधिक शोभते.

दर रविवारी सायंकाळी एक निवृत्त विस्तार अधिकारी फिरून परतताना या घरी थांबतात. नोकरीत असताना त्यांनी खटाव तालुक्यातील टाचणवह्या तपासल्या होत्या आणि गुरुजींचीही त्यात होती. ‘साहेब, बघता का जरा?’ असे म्हणून कार्डांचा गठ्ठा पुढे केला जातो, साहेब चष्मा पुसतात, चहा येईपर्यंत एकेक कार्ड उलटतात, मधूनच ‘गुरुजी, ही आत्या आवडली बरं का’ असे म्हणतात, आणि हात सवयीने लाल पेनाकडे जाऊन प्रत्येक नव्या कार्डावर ‘पाहिले’ उमटते. नवव्या प्रकरणाचे कोरे कार्डही ते इतर कार्डांप्रमाणे हातात घेतात आणि बराच वेळ पाहतात. त्यावरही सही आहे. फक्त ती अगदी तळाशी, कोपऱ्यात, वर लिहायला जागा राहील अशा बेताने केलेली आहे.