लेखिका कोण, तेवढं सांगा

एलेना फेर्रांते यांनी २०११ ते २०१४ या काळात नेपल्समधल्या लीला आणि लेनू या मैत्रिणींवर चार कादंबऱ्या लिहिल्या. लीला विश्वासाने आपल्या वह्या सोपवते. लेनू त्या वाचते आणि पुलावरून नदीत ढकलून देते. माया आणि असूया एकाच ताटात. हे वाचून काही जाणकारांना एकच प्रश्न पडला: टोपणनावामागे आहे कोण? पुरुषच असणार, अशीही कुजबुज झाली. बायकांच्या मनातलं इतकं नेमकं बायकांना कुठून कळणार! २०१६ मध्ये एका पत्रकाराने तर मानधनाच्या आणि घरखरेदीच्या नोंदी उपसल्या.

आपण हसायचं कारण नाही. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, तेव्हा मुलींची घुसमट राहिली बाजूला. ‘विभावरी शिरूरकर’ म्हणजे कोण, याचीच चर्चा. मालतीबाई बेडेकरांचं नाव उघड व्हायला बरीच वर्षं लागली.

दोन पुरुषांची दोस्ती रंगवली की मानवी नात्यांची गाथा. दोन बायकांची रंगवली की ‘बायकांची पुस्तकं’. गृहस्थ असलं काही वाचत नाहीत. बायकोने वाचनालयातून आणलेलं नुसतं चाळतात. चारही खंड, ओळीने.