वेताळाची चड्डी

कॉमिकवरून काढलेला सिनेमा कसा आहे हे ठरवायला मला तो पूर्ण बघावा लागत नाही. नायक पडद्यावर आला की मी आधी त्याच्या कमरेकडे बघतो. चड्डी कपड्यांवरून घातलेली असेल तर दिग्दर्शकाने कॉमिक वाचलंय. नसेल तरीही वाचलंय, पण त्याला त्याची लाज वाटते. ही कसोटी मी यंदा दिवाळीच्या सुट्टीत भाचरांपुढे मांडली, तेव्हा बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "पोरांसमोर काहीतरी बरं बोल रे, सणाचे दिवस आहेत."

यापेक्षा बरं माझ्याकडे नाही. माझं सगळं शिक्षण इंद्रजाल कॉमिक्समध्ये झालेलं. टाइम्सवाल्यांनी १९६४ साली ती मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये बंद केली. तेवढ्या काळात मराठी मुलांना डेंकालीच्या जंगलातल्या पायवाटा गावच्या रस्त्यांपेक्षा जास्त पाठ झाल्या. त्या जंगलात वेताळ राहायचा. चारशे वर्षांची परंपरा, हा एकविसावा वारस, राहायला कवटीची गुहा. दारूच्या गुत्त्यात शिरून दूध मागायची हिंमत. एक ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर कवटीचा शिक्का, तोही जन्मभरासाठी. आजकालच्या सिनेमात शेवटचा अर्धा तास नुसत्या इमारती कोसळतात आणि व्हिलनला खरचटतसुद्धा नाही. इथे एका चौकटीत निकाल, पुराव्यासकट.

आणि या सगळ्या दराऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी! तसली चड्डी आमच्या आजोबांकडेही होती, लोंबत्या नाडीसकट. त्यामुळे ली फॉक नावाच्या अमेरिकन माणसाने १९३६ साली निर्माण केलेला हा गडी आम्हाला कधी परका वाटलाच नाही. फरक एवढाच, की आजोबा ती धोतराच्या आत घालायचे.

पोशाखाच्या रंगाबद्दल मी भांडत नाही. फॉकच्या मनात वेताळ करड्या रंगाचा होता. १९३९ मध्ये रविवारच्या रंगीत पुरवणीत तो जांभळा छापला गेला आणि जांभळाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत तांबडा. असेना! पण १९९६ मध्ये त्याच्यावर हॉलिवूडने सिनेमा काढला. बिली झेन नायक. जांभळा पोशाख आणला, घोडा आणला, लांडगा आणला, कवटीची अंगठी आणली, जंगल हवं म्हणून पार थायलंड गाठलं. आणि चड्डी गाळली. सिनेमा साफ आपटला. समीक्षकांनी कारणं निराळी दिली.

मुळात ही चड्डी आली सर्कशीतून. तिथले पैलवान अंगाला चिकटलेल्या विजारीवर चड्डी चढवून लोखंडी गोळे उचलायचे. १९३८ मध्ये सुपरमॅन आला तो त्यांचाच थाट घेऊन. तो बलवान आहे हे त्या काळच्या पोरांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सिनेमावाल्यांना मात्र बलवान माणूस गंभीर दिसायला हवा असतो. १९८९ च्या बॅटमॅनला त्यांनी काळ्या रबरात असा कोंबला, की बिचाऱ्या मायकेल कीटनला मान वळवता येईना. स्पाँडिलायटिसचा पट्टा लावलेल्या शेजारच्या काकांसारखा तो पूर्ण धडासकट वळतो. २००० मध्ये 'एक्स-मेन'मंडळी काळ्या चामड्यात आली, वर कॉमिकमधल्या पिवळ्या पोशाखाची टिंगलही करून गेली. वुल्व्हरिनला तो पिवळा पोशाख मोठ्या पडद्यावर नीट मिरवायला २०२४ साल उजाडलं, आणि त्यावर थिएटरात शिट्ट्या! म्हणजे चोवीस वर्षं पब्लिकला लाज नव्हतीच, लाज निर्मात्यांना होती.

सुपरमॅनचंही तेच. २०१३ च्या सिनेमात चड्डी गेली, चेहऱ्यावरचं हसू गेलं, नगाला नग गेला. २०२५ मध्ये दोन्ही परत आलं. नव्या सुपरमॅनने, म्हणजे डेव्हिड कोरेनस्वेटने, दिग्दर्शकाला पटवलं म्हणे, की डोळ्यांतून आग ओकणाऱ्या परग्रहावरच्या माणसाला बघून मुलं घाबरू नयेत, म्हणून तो असा रंगीबेरंगी कपडे घालतो. मुलगा हुशार आहे. मी हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, तू सिनेमा बघायला जातोस की कपडे?"

मग त्यानेच 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' लावला. २०२३ चा, सगळा चित्रांचा. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र कालवून केलेलं मुंबॅटन नावाचं शहर आहे आणि तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर. हा २००४ मधल्या कॉमिकमधून आला, आणि तिथल्यासारखाच इथेही थेट धोतरात! कुणी त्याला काळं रबर चढवलं नाही. चित्रातल्या माणसाला काहीही शोभतं, हाडामांसाचा नट आला की सगळ्यांना संकोच होतो, हा माझा सिद्धांत मी मांडायला घेतला. पण घरातलं कुणीही ऐकेना, कारण पवित्र इमारतींवरून झोके घेत होता आणि सगळे श्वास रोखून एकाच गोष्टीची वाट बघत होते.

"सुटेल गं ते," बहीण म्हणाली.

दिवाणावर पडल्या पडल्या जप करणाऱ्या आत्याने चष्मा लावून दोन मिनिटं पडदा निरखला. "काही सुटत नाही," ती म्हणाली. "काष्टा पक्का आहे. पूर्वीच्या बायका नऊवारी नेसून घोडे दामटायच्या. तेवढं त्या पोराला पायात काहीतरी घालायला सांगा, भिंती केवढ्या तापलेल्या असतात."