अर्थिंगवाले अण्णा

नव्या लॅपटॉपचा खोका लिफ्टमधून वर चाललाय, हे अण्णांना कोण सांगतं देव जाणे. आपण चिकटपट्टी सोलतोय तोवर स्वारी दारात हजर. बंडीच्या खिशात टेस्टर, हातात होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब. अभिनंदन वगैरे भानगड नाही. थेट सवाल: "अर्थिंग आहे का?"

आपण पासवर्डच्या विवंचनेत, अण्णा सॉकेटपाशी उकिडवे. दुकानदाराने आधी आठ तास चार्जिंग सांगितलंय म्हणावं, तर खेकसतात, "ते निकेल-कॅडमियमच्या काळातलं! लिथियमला कसला उपास आणि कसलं पारणं?" ॲडॉप्टरवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचतात. "१०० ते २४० व्होल्ट. म्हणजे जगात कुठेही चालेल. पण तिसरी पिन?" मग त्या जाड, लांब पिनेचं माहात्म्य. ती आत आधी शिरते, बाहेर शेवटी पडते, म्हणून लांब. माझ्या पुतण्याने दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला होता. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर मनगट टेकलं की मुंग्या. ॲडॉप्टरमधल्या फिल्टरची किंचित गळती जमिनीत जायची ती तुझ्यातून जाते, हे अण्णांनी त्याला तासभर समजावलं. मुंग्या परवडल्या, असं तो नंतर म्हणाला.

मेव्हण्याच्या वास्तुशांतीला तर कहर. पंगत बसलेली, आणि अण्णांनी बल्बची एक वायर फेजला, दुसरी अर्थला लावली. घर अंधारात. मठ्ठा सांडला, पोरं रडायला लागली. अंधारातून हर्षभरित आवाज: "ईएलसीबी ट्रिप झाला! झकास अर्थिंग!"

यंदा सोसायटीने गेटवरच्या रंगीत दिव्यांना पैसे मंजूर केले. अर्थिंगच्या खड्ड्यातला मीठ-कोळसा 'पुढच्या सभेत बघू'. तो अण्णांनी पदरमोड करून घातला. माती सुकली की अर्थिंग ढिलं पडतं, म्हणून मे महिन्यात रोज बादलीभर पाणीही तेच ओततात. सेक्रेटरीने हे मला चेष्टेत सांगितलं. मला हसू आलं नाही, याचाच राग आला.

त्यांचा मुलगा जर्मनीत. त्याने पाठवलेल्या लॅपटॉपची गोल पिन आपल्या सॉकेटला बसेना, पण अण्णा ती घरोघर मिरवत होते. "बघा, अर्थच्या पट्ट्या दोन्ही कडांना! एक नाही, दोन!" कन्व्हर्टर लावला तर त्या पट्ट्या लोंबकळत्या राहणार, म्हणून लॅमिंग्टन रोडला जाऊन तीन पिनांची कॉर्ड आणली. ॲडॉप्टर तोच.

आमची भिंतीला भिंत, त्यामुळे रविवारचा व्हिडिओ कॉल आम्हालाही घडतो. थंडी, जेवण, नातवाची शाळा हे काकूंचं खातं. अण्णा शेवटी येऊन एकच गोष्ट विचारतात. कोणती, ते सांगायला नको. परवा मुलगा म्हणाला, "अण्णा, इथेच घर घेतलंय. आता इकडेच कायमचं." अण्णा "बरं" म्हणाले, आणि पुढे काहीच नाही.

शेवटी काकूंनीच विचारलं, "अरे, अर्थिंग बघून घेतलंस ना?"